दुसरा चावा

भाऊंच्या हाताखाली मी नऊ वर्षं वकिली केली. त्या नऊ वर्षांत मी दोनदा म्हैस झालो, एकदा स्कूटरवाला, एकदा शेताचा बांध, आणि एका रविवारी सफाळ्याला भर उन्हात दीड तास बंद पडलेला ट्रॅक्टर. वकिलीत माणूस कुठल्या थराला जातो याबद्दल मी बरंच ऐकून होतो. ट्रॅक्टर होण्याबद्दल कॉलेजात कुणी काही बोललं नव्हतं.

याला कारण भाऊंचा एक हट्ट. दावा कागदावर कळत नाही, तो करून बघावा लागतो, असं त्यांचं ठाम मत. पक्षकार आला, कागद दाखवले, रडून झालं, की भाऊ टेबलाच्या खणातून मोजायची टेप काढायचे आणि म्हणायचे, "चला, आधी चालून बघू." मग ते, पक्षकार आणि मी अशी वरात जागेवर. पायात कॅनव्हासचे बूट, अंगात काळा कोट, बगलेत छत्री. जागेवर पोहोचलं की जे घडलं ते पुन्हा घडवायचं. जखमी, मयत किंवा जनावर यांपैकी जे रिकामं असेल ते काम माझं.

केळव्याचा एक दावा होता. शेजाऱ्याच्या माडावरून नारळ पडून स्कूटरवाल्याचा खांदा निखळला होता. नारळ रस्त्यावर पडतो की कुंपणाच्या आत, एवढाच वाद. भाऊंनी नारळ पाडणारा पाडेली वर चढवला, मला हेल्मेट घालून स्कूटरवर बसवलं आणि वर बघून सांगितलं, "हं, पाड आता." नारळ माझ्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर स्कूटरच्या मडगार्डवर आला. स्कूटर माझी होती. भाऊंनी टेप लावून अंतर मोजलं, वहीत लिहिलं आणि मग विचारलं, "तुला लागलं नाही ना?" हा क्रम नीट लक्षात घ्या, पुढे उपयोगी पडेल.

आमचं ऑफिस पालघरला कचेरी रस्त्यावर, एका झेरॉक्सवाल्याच्या डोक्यावर. तिथे फिरती खुर्ची एकच. तीत पक्षकार बसायचा आणि भाऊ समोरच्या बाकावर, पक्षकाराच्या जागी. "ज्याच्या पोटात गोळा आलाय त्याला टेकायला नीट हवं," असं त्यांचं म्हणणं. नवा माणूस आत आला की तो खुर्चीतल्या घाबरलेल्या माणसाला नमस्कार करायचा. बेलीफने एकदा आमच्याकडे आलेल्या एका चिकूवाल्याला समन्सवर सही करायला लावली होती. त्याने केलीही, आणि वर विचारलं, "आणखी कुठं करू?"

भाऊंना डाव्या कानाने ऐकू येत नसे. कोर्टात ते अशा बेताने उभे राहायचे की समोरचा वकील बरोबर डावीकडे यावा. विरुद्ध बाजूचा युक्तिवाद त्यांनी कित्येक वर्षांत पुरता ऐकलेला नव्हता आणि त्यामुळे त्यांचं काही अडलं आहे असं त्यांना कधी वाटलंही नाही. तारखा मोबाइलवर दिसायला लागल्या तरी ते सकाळी कोर्टाच्या फलकापुढे उभे राहून यादी वाचायचे. "मोबाइल काय, तो फक्त माझी तारीख सांगतो. फलकापुढे उभं राहिलं की आणखी कोण कोण काळजीत आहे ते दिसतं."

मी वकील झालो चाळिशीला. त्याआधी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत शिफ्ट सुपरवायझर होतो. कारखाना बंद पडला, हातात एक घड्याळ आणि निरोपाचा नारळ आला, आणि मी मुलीच्या वयाच्या पोरांबरोबर कायदा शिकायला बसलो. भाऊंकडे पहिल्या दिवशी गेलो तेव्हा ते म्हणाले, "सुपरवायझर होतास म्हणजे दुसऱ्याला कामाला लावायची सवय असेल. मोडेल ती इथे." मोडली. पण एक सवय राहून गेली. वरिष्ठ रजेवर असला की आपण त्याच्याहून बरं काम करून दाखवायचं. घिवलीच्या दाव्याची सगळी भानगड त्या सवयीतून झाली.

त्या वर्षी भाऊंच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन एकामागून एक झालं आणि ते मुलीकडे नाशिकला चार महिने राहिले. ऑफिस माझ्यावर. पहिल्याच आठवड्यात घिवलीहून एक मावशी आल्या. साठीच्या, मांगेली समाजातल्या, किनाऱ्यालगत सुक्या मासळीचं आवार त्यांच्या मालकीचं. नवरा आणि धाकटा दीर समुद्रावर. त्या होडीत मावशींचा स्वतःचा एक वाटा होता, त्यांच्या बापाने लग्नात दिलेला. त्या खुर्चीत बसल्या नाहीत, कारण तीत मी बसलो होतो.

"सालवडला ऱ्हातो तो एक माणूस," त्या म्हणाल्या. "कंपनीत कामाला हाय. परवा दिशी आमच्याकडं आल्ता, त्याच्या हाताला कुत्रा चावला. बोईसरला दवाखान्यात हाय म्हनतात. मी जाऊन बगून येते. जरा बोंबील नेते, सोडे नेते. पन सून म्हनाली आदी वकिलाला इचार."

सुनेने हे म्हटलं नसतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण तिने म्हटलं, मावशींनी विचारलं आणि मी खुर्चीत मागे रेललो.

"अजिबात जायचं नाही," मी म्हणालो. "तुम्ही भेटायला गेलात म्हणजे चूक कबूल केलीत असा अर्थ निघतो. त्याच्याशी बोलायचं नाही, रस्त्यात दिसला तर ओळख द्यायची नाही."

"मानूस दवाखान्यात हाय, वकील."

"म्हणूनच."

त्या गेल्या. मी मनात म्हटलं, भाऊ असते तर टेप घेऊन निघाले असते. हा कसा, बसल्या जागी प्रश्न सोडवला.

दोन आठवड्यांत नोटीस आली आणि मागोमाग दावा. वादीचं म्हणणं असं की तो सार्वजनिक रस्त्याने चालला असता प्रतिवादीच्या पाळीव कुत्र्याने अंगावर येऊन त्याच्या उजव्या हाताला चावा घेतला. दोन बोटांची शीर तुटली, ती आता मिटत नाहीत. मशीनवरचं काम गेलं, आता गेटवर बसवलं आहे. भरपाई जी मागितली होती ती द्यायची तर मावशींना होडीतला वाटा विकावा लागला असता. शिवाय कुत्रा तिथून कायमचा हलवावा, अशीही मागणी होती.

दाव्याला उत्तर म्हणून मी कैफियत लिहिली. अकरा पानं. आजही तिच्यातलं मराठी मला आवडतं. "सदर श्वान हे मोकाट असून त्याच्याशी प्रतिवादीचा कोणत्याही प्रकारे, केव्हाही व कसलाही संबंध आलेला नाही." मावशींनी सही केली. वाचून दाखवू का, असं मी विचारलं आणि उत्तर यायच्या आत म्हटलं, "राहू दे, कायद्याचं आहे." भाऊ परत यायच्या आत मी ती दाखल करून मोकळा झालो.

भाऊ काळा चष्मा लावून परतले. अकरा पानं त्यांनी खिडकीपाशी उभं राहून वाचली. शेवटचं पान उलटून पाठीमागे आणखी काही आहे का तेही बघितलं.

"जागा पाहिलीस?"

"गरजच नाही भाऊ. कुत्राच आपला नाही, तर जागेचा प्रश्न येतो कुठे?"

त्यांनी खण उघडून टेप काढली.

बोईसरला उतरून शेअर रिक्षाने आम्ही घिवलीला पोहोचलो तेव्हा अकरा वाजले असतील. मावशींचं आवार रस्त्याला लागूनच, जुन्या जाळ्यांचं कुंपण घातलेलं, पुढच्या बाजूला मात्र सताड उघडं. आत बांबू रोवून त्यांना दोर बांधलेल्या वलांडीवर बोंबील लटकत होते, एकमेकांच्या तोंडात तोंड अडकवलेले, रांगाच्या रांगा. उलट्या घातलेल्या होडीच्या सावलीत एक काळा, कान फाटलेला, थोराड कुत्रा झोपला होता. आम्ही दिसताच मावशी ओट्यावरून हाक मारत उतरल्या आणि तो मोकाट श्वान, ज्याचा मावशींशी केव्हाही व कसलाही संबंध आलेला नव्हता, उठून शेपटी हलवत त्यांच्या पायाशी जाऊन बसला.

"याचं नाव काय मावशी?" भाऊंनी विचारलं.

"तांडेल." होडीवरचा जो म्होरक्या असतो, ज्याच्या शब्दाबाहेर कुणी जात नाही, तो तांडेल. "सात वर्सं झाली. पिल्लू होता तवा मी आनला. रातच्याला माझ्या दारात ऱ्हातो, दिसाला मासली राखतो."

भाऊंनी चष्मा काढला आणि माझ्याकडे पाहिलं. ऑपरेशन उत्तम झालं होतं.

"कैफियतीत तुम्ही लिहिलंय की हा तुमचा नाही."

"मी?" मावशी माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "मी कदी म्हटलं तांडेल माजा नाय? या वकिलानं लिवलं असंल. मी सही केली. हा म्हनाला कायद्याचं हाय."

भाऊंनी टेप माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "चल. आज तू वादी."

मावशींनी ओट्यावरून मला ओरडून बजावलं, "वकील, काय करायचं ते करा, पन मासलीला हात नका लावू. तो कुनाला सोडत नाय." मी हात हलवून ऐकल्यासारखं केलं.

वादी म्हणून मी रस्त्याने चाललो. अकरा वेळा. सावकाश, भरभर, मोबाइलवर बोलत, छत्री फिरवत. तांडेलने एकदाच एक डोळा उघडला आणि मी कोण ते ओळखून पुन्हा मिटला. भाऊ दर फेरीला वहीत खूण करत होते. अकराव्या फेरीनंतर ते रस्त्याची रुंदी मोजायला पलीकडे गेले आणि मी आवारात शिरून जरा वलांडीच्या सावलीला उभा राहिलो. सकाळपासून पोटात चहाखेरीज काही नव्हतं. नाकासमोर बोंबील. अर्धवट सुकलेला, कडेला सोनेरी झालेला. मी म्हटलं, एक.

पुढचं मला नीट आठवत नाही. दोन बोटांच्या चिमटीत बोंबलाची शेपटी आली होती आणि माझं मनगट तांडेलच्या तोंडात होतं. तो भुंकला नाही, गुरगुरला नाही. त्याने ते नुसतं धरलं, आणि मी ओरडलो तसं आणखी नीट धरलं.

"हलू नकोस," भाऊ पलीकडून धावत येत म्हणाले. "हात तसाच ठेव. तसाच." आणि त्यांनी रस्त्यापासून माझ्या मनगटापर्यंतचं अंतर मोजलं. मोजलं, वहीत लिहिलं, मग मावशींना म्हणाले, "आता सोडायला सांगा."

सरकारी दवाखान्यात जखम साबणाने धुऊन झाली, इंजेक्शन झालं, पुढच्या तारखा मिळाल्या. सिस्टरने केसपेपर भरताना विचारलं, "कुत्रा पाळीव की भटका?"

"पाळीव," मी कळवळून म्हटलं.

"कोणाचा?"

मी मावशींचं नाव, आडनाव आणि गाव, सगळं सांगितलं आणि खाली सही केली. भाऊ शेजारी उभे होते. त्यांनी मान डोलावली आणि केसपेपर घडी करून खिशात ठेवला, म्हणून मला वाटलं मी फार धीराने वागलो.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्यांनी टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. एकीकडे कैफियतीचं चौथं पान, दुसरीकडे माझा केसपेपर. कुत्रा एकच, खाली वकिलाची सही तीच. एका कागदात कुत्रा मोकाट, दुसऱ्यात मालकिणीच्या संपूर्ण नावासकट पाळीव.

"यातला खरा कुठला?"

"दवाखान्यातला," मी म्हणालो.

"मग कोर्टाने काय पाप केलंय?"

कैफियत दुरुस्त करायचा अर्ज मीच लिहिला. या वेळी दीड पान. कुत्रा प्रतिवादीचा आहे, तो मासळी राखतो, वादीने आवारात येऊन मासळीला हात लावला म्हणून तो चावला. जज बाईंनी अर्ज वाचला, मनगटावर पट्टी बांधलेल्या माझ्याकडे पाहिलं आणि नुसतं "बरं" म्हणाल्या. त्या "बरं"मध्ये जे होतं ते अकरा पानांत मावलं नसतं.

पण भाऊंनी त्याच दमात मला दुसरं सांगितलं. "वकीलपत्र मागे घे. तू आता साक्षीदार." वकील आणि साक्षीदार एकाच वेळी होता येत नाही. म्हैस, बांध आणि ट्रॅक्टर हे सगळं होऊन झाल्यावर मी आता जो खरोखर होतो तोच व्हायचं होतं, म्हणजे बोंबील चोरताना पकडला गेलेला इसम, तेही शपथेवर.

आधी वादीची साक्ष झाली. तिशीतला, सडपातळ, हिंदी बोलणारा माणूस. उजवा हात टेबलावर ठेवला की दोन बोटं काठीसारखी सरळ राहायची आणि बाकीची मिटायची. भाऊंनी त्याला उलटतपासात एकच प्रश्न विचारला. "रस्त्याने चालताना तुमचा हात कुठे होता?"

त्याने हात टेबलावरून खाली घेतला. मग आपल्या वकिलीणबाईंकडे बघू लागला. मला वाटलं, पकडला, आता भाऊ सोडणार नाहीत. रस्त्याने चालणाऱ्याला कुत्रा पायाला धरतो, उजव्या पंजाला कसा धरेल? पण भाऊ "बस" म्हणून खाली बसले. मी मागून त्यांचा कोट ओढला. ते माझ्या बाजूला डावा कान करून बसले होते.

मग माझी पाळी. वादीच्या वकील बोईसरच्या, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, आणि डोक्याने किती वर्षांनी मोठ्या ते त्या दिवशी कळलं.

"तुम्ही बोंबील घेत होता?"

"हो."

"मालकिणीला विचारून?"

"नाही."

"म्हणजे चोरत होता."

कोर्टात मागे कुणी तरी खोकल्यासारखं हसलं. "चाखत होतो," मी म्हणालो.

"रस्त्याने अकरा वेळा गेलात, काही झालं नाही. मासळीला हात लावला, लगेच चावा. बरोबर?"

"अगदी बरोबर," मी खुशीत म्हणालो. हेच तर सिद्ध करायचं होतं आणि बाई स्वतःच ते माझ्या तोंडात घालत होत्या.

"म्हणजे मासळीला हात लावणाऱ्याला हा कुत्रा चावतोच. आणि हे प्रतिवादींना माहीत होतं?"

"माहीत म्हणजे काय मॅडम, त्यांनी मला आल्याआल्या ओट्यावरून बजावलं होतं. साऱ्या गावाला माहीत आहे."

"वादी गावचे नाहीत. त्यांना कुणी बजावलं?"

मी भाऊंकडे पाहिलं.

"तिथे पाटी आहे? फाटक आहे?"

"नाही."

"कुत्रा चावणारा आहे हे मालकिणीला पक्कं माहीत होतं, तरी तो उघड्या आवारात मोकळा. एवढंच हवं होतं," बाई म्हणाल्या आणि बसल्या.

पाळीव कुत्र्याच्या दाव्यात मालकाला वाचवणारी एकच मोठी गोष्ट असते. हा चावेल असं मला वाटलं नव्हतं, असं त्याला म्हणता आलं पाहिजे. ती गोष्ट मी आमच्याच बाजूचा साक्षीदार होऊन, हसतमुखाने, ओट्याच्या उल्लेखासकट काढून दिली होती. फेरतपासाला भाऊ उठले नाहीत. उठून करणार काय.

बाहेर व्हरांड्यात मावशी खांबाला टेकून बसल्या होत्या. आतलं सगळं त्यांना कळलं नव्हतं, पण माझं तोंड कळलं होतं.

"वाटा गेला ना?" त्या भाऊंना म्हणाल्या. "माझ्या बापानं दिलेला हाय तो. बाकी सगलं घरच्यांचं. माजं तेवडंच हाय."

"निकाल नाही लागला अजून," भाऊ म्हणाले. पण आवाजात नेहमीचा जोर नव्हता, आणि माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. मी मनगटाची पट्टी उगाच घट्ट करत उभा होतो. त्या क्षणी मला शिव्या मिळाल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मग भाऊ उठले आणि व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला, जिथे वादी आणि त्याच्या वकिलीणबाई उभ्या होत्या, तिकडे गेले. या वेळी त्यांनी मुद्दाम बाजू बदलली आणि उजवा कान बाईंकडे केला.

"मॅडम, परवानगी असेल तर एक मागतो. तुमच्या अशिलाला एकदा जागेवर चालवून बघू. तुम्हीही या."

"मी जिंकतेय भाऊ," बाई हसून म्हणाल्या. "मी कशाला येऊ?"

"त्याने माझ्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाही. तुम्हालाही ऐकायचं असेलच ते."

बाईंचं हसू जरा कमी झालं. त्यांनी वादीकडे पाहिलं. वादी जमिनीकडे पाहत होता. "रविवारी," बाई म्हणाल्या.

रविवारी मावशींच्या सुनेने तांडेलला ओट्याच्या खांबाला बांधलं होतं. हा त्याच्या आयुष्यातला पहिलाच दोर असावा. तो दोराकडे बघत होता, आमच्याकडे नाही. भाऊ आज कुणाला काही व्हायला सांगत नव्हते. "चला," एवढंच ते वादीला म्हणाले. "उस दिन जैसे आये, वैसे."

तो रस्त्याने आला. आवाराच्या तोंडाशी थांबला. तिथून हाक मारल्यासारखा हात उचलला, थोडा वेळ वाट पाहिली, मग आत शिरून सरळ वलांडीपाशी गेला आणि उजव्या हाताची बोटं एका बोंबलावर ठेवून त्याने तो दाबून पाहिला. तोडला नाही. फक्त दाबला.

"बीवी के मायके जाना था," तो म्हणाला. "उसकी माँ को पसंद है. आवाज़ दी, कोई नहीं था. सोचा, देख लूँ ठीक से सूखा है कि नहीं, फिर रुकता हूँ. थैली भी थी मेरे पास. मैडम को मैंने यही बोला था."

वकिलीणबाई समुद्राकडे पाहू लागल्या. मला त्या पाहण्याची चांगली ओळख होती. "आवारात शिरला म्हटलं असतं तर चोरी अंगाशी आली असती," त्या कुणालाच उद्देशून न बोलता म्हणाल्या. "म्हणून रस्ता लिहिला."

म्हणजे सालवडच्या माणसाने वकिलाला खरं सांगितलं होतं आणि घिवलीच्या बाईनेही. दोघांचं खरं खोडून वर आमचं खोटं लिहायला कोर्टाच्या दोन्ही बाजूंना माणसं तयार होती, आणि त्यातल्या एकाने अकरा पानं लिहिली होती.

मावशी एवढा वेळ लांब उभ्या होत्या. त्या पुढे आल्या आणि त्यांनी वादीचा हात आपल्या हातात घेतला. मासळी सोलून सोलून त्यांच्या बोटांना चरे पडलेले. त्या बोटांनी त्यांनी त्याची दोन ताठ बोटं हळूच वाकवून पाहिली. ती अर्ध्यावर थांबली.

"इतकं झालं?" त्या म्हणाल्या. "मला कुनी सांगितलं नाय. नुसतं चावला, नुसतं चावला. मी तिसऱ्या दिशी येनार होते तुला बगायला. या वकिलानं नको म्हटलं."

तो सालवडला बारा वर्षं राहत होता. मराठी त्याला पुरेपूर कळत होतं. त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग मावशींकडे.

"आप आतीं तो मैं केस क्यों करता, चाची?" तो म्हणाला. "आठ दिन पड़ा रहा. कोई पूछने नहीं आया. इसी का गुस्सा था."

भाऊंनी त्या दिवशी टेप काढलीच नाही.

तडजोडीला दोन बैठका लागल्या, कारण वकिलीणबाई सहजासहजी सोडणाऱ्या नव्हत्या आणि सोडायचं कारणही नव्हतं. बोटं खरोखरच मिटत नव्हती. दवाखान्याचा सगळा खर्च आणि बुडालेल्या पगाराचा निम्मा भाग मावशींनी हप्त्याने द्यायचा, आवाराला फाटक आणि पाटी, पाटी हिंदीतही, आणि कुत्रा जागेवर. होडीतल्या वाट्याला हात लावायचा नाही. हे शेवटचं वाक्य भाऊंनी स्वतःच्या हाताने लिहिलं आणि त्यासाठी ते तासभर भांडले. मी खोलीच्या कोपऱ्यात बसून होतो. साक्षीदाराला बोलायचा अधिकार नव्हता, आणि मला तो परत हवा आहे की नाही याबद्दल माझ्या मनात शंका होती.

कोर्टात जज बाईंनी तडजोडीची पुरशीस वाचून दोघांना पुढे बोलावलं. "यातलं सगळं समजून सही केली आहे?"

"जी," वादी म्हणाला.

"हो," मावशी म्हणाल्या. "या टायमाला वाचून घेतलं. कुत्रा माजा, बोटं याची, वाटा माज्याकडं."

जज बाईंनी मान खाली घालून सही केली. ती मान जरा जास्तच वेळ खाली होती.

बाहेर आल्यावर मावशींनी वादीच्या हातात वर्तमानपत्रात बांधलेला पुडा दिला, नीट सुकलेल्या बोंबलांचा. तो स्टेशनकडे निघाला. मावशी मात्र पायरीवर थांबल्या आणि माझ्या मनगटाकडे पाहू लागल्या. तांडेलचे चार दात तिथे अजून स्पष्ट होते.

"भाऊ," त्या काळजीने म्हणाल्या, "आनी याचं काय? चावला तर यालाबी. उद्या यानं केस केली म्हंजे?"

"करू दे," भाऊ म्हणाले. "मी तुमच्या बाजूने उभा राहीन."

आणि खरं सांगतो, तो दावा मी हरलो असतो.